वाचकांचे प्रश्न : मोटरसायकलचं इंजिन ऑइल

एप्रिल लागला की या सदराकडे ऑइलबद्दलची पत्रं वाढतात. यंदा दर्यापूरपासून भामरागडपर्यंतची पत्रं आली. प्रत्येकाची गाडी वेगळी, रस्ता वेगळा, वजन वेगळं. ज्या प्रश्नांची उत्तरं बऱ्याच जणांच्या कामी येतील ते निवडले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे बीएस-६ स्प्लेंडर आहे. पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० लिहिलं आहे. गावातला मिस्तरी म्हणतो, आपल्याकडच्या ४५ डिग्रीत ते पाण्यासारखं पातळ होतं, उन्हाळाभर २०डब्ल्यू-५० टाका. कोणाचं ऐकावं?
— दर्यापूर, जि. अमरावती

पुस्तिकेचं ऐका. मिस्तरीची काळजी खोटी नाही, पण त्यावरचा उपाय तो नाही.

डब्यावरचे दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतला. कडाक्याच्या गारठ्यात ऑइल किती सहज वाहील, ते त्यावरून कळतं. त्याची परीक्षा शून्याच्या बरीच खाली होते. २०डब्ल्यूची उणे १५ ते २० अंशांना, १०डब्ल्यूची त्याहून दहा अंश खाली. गोंदियात पारा ८ अंशांवर उतरला तरी दोन्ही ऑइलं व्यवस्थित वाहतात. फरक एवढाच की सकाळी पहिल्या किकला १०डब्ल्यू वरच्या कॅमशाफ्टपर्यंत जरा लवकर पोचतं.

दुसरा आकडा गरम इंजिनातला. तो १०० अंश सेल्सिअसला मोजतात. ३० नंबरच्या ऑइलचा घट्टपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० नंबरचा १२.५ ते १६.३ आणि ५० नंबरचा १६.३ ते २१.९. म्हणजे ३० नंबर ठरवताना गरम इंजिनाचाच विचार केलेला असतो. बाहेर ३० अंश असोत की ४५, चालत्या इंजिनातलं ऑइल त्याच्या कितीतरी वर तापलेलं असतं. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात बाहेरच्या उन्हानं तापमान आणखी काही अंशांनी वाढतं, हे खरं. तेवढी सवड कंपनीनं ठेवलेली असते.

आता ३० च्या इंजिनात ५० टाकलं तर काय होतं? बेअरिंगमधल्या फटी आणि ऑइलच्या वाटा ३० च्या हिशोबानं ठेवलेल्या असतात. घट्ट ऑइल त्यांतून हळू फिरतं. घर्षणाची उष्णता वाढते, मायलेज पडतं आणि इंजिन सुरू झाल्यावरचे पहिले काही सेकंद वरचा भाग कोरडा राहतो. इंजिनाचा आवाज जाड आणि शांत येतो, म्हणून टाकणाऱ्याला वाटतं की फायदा झाला.

गाडी जुनी असेल, साठ-सत्तर हजार किलोमीटर झालेली असेल, टॅपेटचा आवाज येत असेल आणि ऑइल थोडं थोडं कमी होत असेल, तर २०डब्ल्यू-४० टाकायला हरकत नाही. पण तुमची बीएस-६ आहे, म्हणजे २०२० च्या आसपासची किंवा नंतरची. तिला १०डब्ल्यू-३० च द्या आणि बदलण्याचं अंतर कमी करा. पुस्तिकेत सहा हजारांवर बदल आणि मध्ये तीन हजारांवर भर, असं असतं. ते बऱ्या रस्त्यावर, एकट्या माणसासाठी ठीक. पांदणीची धूळ, मागे खताची पोती आणि दिवसभर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवरचं चालणं असेल, तर तीन हजारांवर सरळ बदलाच. घट्ट ऑइलानं जे मिळेल असं तुम्हाला वाटतं, ते लवकर बदललेल्या योग्य ऑइलानं खात्रीनं मिळतं.

आणि पातळी बघा. उन्हाळ्यात इंजिन बसण्याच्या तक्रारींत ऑइल पातळ होतं म्हणून बसलेलं क्वचित सापडतं, कमी होतं म्हणून बसलेलं नेहमी सापडतं. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घ्या, तीन-चार मिनिटं चालवा, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा. ऑइल मोजायची काडी काढा, पुसा आणि आटे न फिरवता नुसती टेकवून बाहेर काढा. आटे फिरवून मोजलं तर काडी खोल जाते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. साइड स्टँडवर मोजलेलं तर धरूच नका. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ हवी.

एक गोष्ट दुसऱ्या वाचकांसाठी. ‘पुस्तिकेचं ऐका’ याचा अर्थ सगळ्यांनी ३० टाकावं असा नाही. पल्सर १५० ला कंपनीच २०डब्ल्यू-५० सांगते. यूसीई (इंजिन आणि गिअर एकाच पेटीत असलेल्या) इंजिनाच्या बुलेट ३५० ला १५डब्ल्यू-५०. त्यांत स्प्लेंडरचं ३० टाकणं तेवढंच चूक.

प्रश्न : भाऊ, माह्याजवळ ट्रॅक्टरच्या ऑइलचा डबा उरला होता. तेच गाडीत टाकलं. आता संत्र्याचे दोन क्रेट बांधून चढावर गेलो का इंजिन नुसतं ओरडते, गाडी काही पुढं सरकत नाही. मिस्तरी म्हणते क्लच प्लेटा गेल्या. ऑइलनं झालं का हे? आता काय करू?
— मोर्शी, जि. अमरावती

भाऊ, ट्रॅक्टरचं कोणतं ऑइल होतं, ते आधी डब्यावर पाहा. सगळं त्यावर आहे.

मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना एकच ऑइल असतं. क्लचच्या प्लेटा त्या ऑइलात बुडून राहतात आणि तरीही त्यांनी एकमेकींना घट्ट धरायचं असतं. ऑइल फार निसरडं असेल तर प्लेटा घसरतात. ही पकड तपासण्यासाठी जपानच्या जासो या वाहन-मानक संस्थेचं मानक १९९८ साली आलं. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ असेल तर ते ऑइल ओल्या क्लचसाठी तपासलेलं. एमए-२ मध्ये पकड जास्त. ‘एमबी’ म्हणजे कमी घर्षणाचं. ते स्कूटीसारख्या गाड्यांना, कारण त्यांचा क्लच कोरडा असतो. घरात गिअरची गाडी आणि स्कूटी दोन्ही असतील तर डबे वेगळे ठेवा. एमबीचं ऑइल मोटरसायकलमध्ये जाऊ देऊ नका.

तुमच्या डब्यावर १५डब्ल्यू-४० आणि ‘सीएफ-४’ किंवा ‘सीआय-४’ असं असेल तर ते डिझेल इंजिनाचं ऑइल आहे. त्यानं क्लच लगेच घसरेलच असं नाही, म्हणूनच ‘आम्ही तर टाकतो, काही होत नाही’ असं सांगणारे भेटतात. नुकसान सावकाश होतं. डिझेलची काजळी धरून ठेवायला त्यात डिटर्जंट जास्त घातलेलं असतं. ते जळलं की राख उरते. ती पिस्टनच्या डोक्यावर, व्हॉल्व्हवर आणि प्लगवर बसते आणि बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही मारते.

डब्यावर ट्रान्समिशन, हायड्रॉलिक किंवा ‘वेट ब्रेक’ असा शब्द असेल तर ते इंजिनाचं ऑइल नव्हेच. ट्रॅक्टरच्या मागच्या धडातलं आहे ते. आजच काढा, गाडी तोवर चालवू नका. कारचं ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० सुद्धा नको. त्यात पेट्रोल वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी रसायनं असतात आणि डब्यावरच्या गोल चिन्हात खाली ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ छापलेलं असतं. ओल्या क्लचला ते बाधतं.

आता तुमचा क्लच. प्लेटा बदलण्याआधी दोन मिनिटांचं काम करा. क्लचच्या दांडीला टोकाशी १० ते २० मिलिमीटर ढिलाई हवी. बोटानं दाबून बघा. दांडी ताठ असेल, अजिबात सैल नसेल, तर क्लच पूर्ण बसतच नाही आणि ओझं घेऊन चढावर असाच घसरतो. केबलचा नट फिरवून ढिलाई द्या आणि पुन्हा पाहा.

ढिलाई बरोबर असूनही तिसऱ्या-चौथ्या गिअरला एकदम ॲक्सिलेटर दिल्यावर आवाज वाढतो, वेग वाढत नाही आणि करपल्याचा वास येतो, तर क्लच खरंच घसरतोय. ऑइल काढा. जासो एमएचं, तुमच्या गाडीच्या नंबरचं नवं भरा. दोन-तीनशे किलोमीटर हलक्या वजनानं चालवा आणि तेही काढून पुन्हा नवं भरा. एका बदलात जुनं सगळं निघत नाही, कोपऱ्याकोपऱ्यात राहतं. एवढ्यानं पकड परत आली तर प्लेटा वाचल्या. नाही आली तर त्या घासून गुळगुळीत झाल्या आहेत, मिस्तरीचं बरोबर आहे. नव्या प्लेटा बसवण्याआधी रात्रभर ताज्या ऑइलात बुडवून ठेवायला सांगा. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच दिवशी जळतात.

प्रश्न : ऑइल बदलून पाचशे किलोमीटर नाही झाले, तर काळं पडलं. भेसळीचं मिळालं का?
— पुसद, जि. यवतमाळ

रंगावरून ठरवू नका. इंजिनातली जुनी काजळी नव्या ऑइलातलं डिटर्जंट धुऊन घेतं, म्हणून ते काळं होतं. जे ऑइल हजारो किलोमीटरनंतरही सोनेरी राहतं त्याचीच शंका घ्यावी.

काडीवरचा थेंब दोन बोटांत चोळून बघा. कचकच लागली तर धूळ आत जात आहे. पेट्रोलचा वास आला आणि पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर कार्ब्युरेटरची सुई गळते आहे किंवा चोक लागून राहतो आहे. उन्हात धरल्यावर चांदीसारखी चमक दिसली तर आत धातू घासतोय. ती गाडी उघडावी लागेल.

कचकच लागली तर ऑइलच्या मागे लागण्याआधी एअर फिल्टर पाहा. आपल्याकडची धूळ इंजिनाला ऑइलपेक्षा लवकर खाते. कापसाच्या, सोयाबीनच्या हंगामात शेतरस्त्यावर ट्रॅक्टरच्या मागे चालणाऱ्या गाडीचं, वणी-चंद्रपूरकडे कोळशाच्या ट्रकांमागे चालणाऱ्या गाडीचं फिल्टर पुस्तिकेतल्या अंतराच्या आधीच भरतं. फिल्टर काढा आणि इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीत पांढरं फडकं बोटाला गुंडाळून फिरवा. फडकं मळलं तर धूळ फिल्टरला चुकवून आत जाते आहे. फिल्टरची कड नीट बसलेली नाही, पेटीचं झाकण वाकलं आहे किंवा नळीला चीर आहे. नव्या गाड्यांचं तेलकट कागदी फिल्टर हवेनं फुंकू नका आणि पेट्रोलनं धुऊही नका. त्यावरचं तेल उडालं की त्याचं काम संपलं. ते बदलायचंच असतं. स्पंजचं फिल्टर मात्र रॉकेलनं किंवा साबणाच्या पाण्यानं धुता येतं. पूर्ण वाळवून, ऑइलात भिजवून, पिळून परत लावा.

प्रश्न : पावसाळ्यात नाल्यातून गाडी काढताना इंजिन बंद पडलं. दुसऱ्या दिवशी काडी पाहिली तर ऑइल दुधाच्या चहासारखं. थोडंच आहे, चालवली तर चालेल का?
— भामरागड, जि. गडचिरोली

अजिबात चालवू नका, किकही मारू नका. पर्लकोटेला पूर आला की तुमच्याकडे मिस्तरीपर्यंत पोचायला दिवस लागतात, म्हणून हे घरी करता येईल असं सविस्तर लिहितो.

तो रंग म्हणजे ऑइलात पाणी घुसळलं गेलं आहे. असं ऑइल बेअरिंगवर थर धरत नाही, आणि आत गंज चढायला एक रात्रही पुरते. शिवाय सिलिंडरमध्ये पाणी असेल आणि जोरानं किक मारली किंवा सेल्फ दिला, तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

आधी प्लग काढा. एअर फिल्टरची पेटी उघडून पाणी काढा. फिल्टर भिजला असेल तर नवाच लागेल. सायलेन्सरमधलं पाणी निघायला गाडी पुढून उंच करून मागे कलती करा. मग प्लग बाहेर ठेवूनच, स्विच बंद ठेवून, किक हातानं हळू आठ-दहा वेळा दाबा. सिलिंडरमधलं पाणी प्लगच्या भोकातून निघेल. आता ऑइल पूर्ण काढा. साधं, स्वस्तातलं पण सीलबंद आणि योग्य नंबरचं ऑइल भरा. कोरडा प्लग लावा. गाडी सुरू करून पाच ते दहा मिनिटं जागेवरच हळू चालवा, रेस करू नका. पुन्हा काढा. ते मळकट पांढरं निघालं तर हेच आणखी एकदा. स्वच्छ निघालं की चांगलं ऑइल भरा आणि तीन-चारशे किलोमीटरवर ते एकदा बदला. पेट्रोलच्या टाकीत पाणी गेलं असेल तर तीही रिकामी करावी लागेल.

झाकणाच्या आतल्या बाजूलाच पिवळसर लोणी दिसलं आणि काडीवरचं ऑइल स्वच्छ असेल, तर ती गोष्ट वेगळी. गावातल्या गावात एक-दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत दमट हवेतलं पाणी साठून तसं होतं. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस किलोमीटर सलग चालवली की ते उडून जातं.

प्रश्न : ऑइल घरीच बदलायचं आहे. पद्धत आणि माप सांगा. डब्यातलं सगळं ओतायचं का?
— तुमसर, जि. भंडारा

सगळं ओतू नका, निदान एकदम नाही. ९०० मिलिलिटरच्या आणि एक लिटरच्या दोन्ही मापांत डबे येतात. प्रत्येक मॉडेलचं माप वेगळं आणि जुनं ऑइल किती निघालं यावरही ते ठरतं. १०० सीसीच्या गाडीत आधी ७०० मिलिलिटर ओता, उरलेलं काडी बघून.

गाडी तीन-चार किलोमीटर चालवून आणा. कोमट ऑइल सहज निघतं आणि तळाचा गाळ सोबत घेऊन येतं. मेन स्टँडवर घ्या, वरचं झाकण सैल करा, खाली घमेलं ठेवा. तळाचा ड्रेन बोल्ट बहुतेक १०० ते १२५ सीसी गाड्यांना १७ नंबरच्या पान्याचा असतो. रिंगपाना किंवा सॉकेट वापरा. फिरता पाना बोल्टाचे कोपरे गोल करतो. बोल्ट निघताना वॉशर केसिंगलाच चिकटून राहतो किंवा घमेल्यात पडतो, तो शोधून ठेवा. थेंब थांबेपर्यंत दहा मिनिटं जाऊ द्या. स्विच बंद ठेवून चार-पाच किक मारा, आणखी थोडं निघतं.

बोल्ट लावताना खरी चूक होते. केसिंग ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडाचा. आधी बोटांनी आटे बसवा. तीन-चार फेरे बोटांनीच गेले पाहिजेत. अडलं तर काढून पुन्हा लावा, पान्यानं दाबून नेऊ नका. मग लहान पान्यानं घट्ट करा, एका हाताच्या जोरानं. पान्याला पाइप लावून ताण दिला की आटे जातात आणि मग ओव्हरसाइज बोल्टाचा किंवा नवे आटे पाडण्याचा खर्च येतो. वॉशर चेपलेला दिसला तर बदला, काही रुपयांची वस्तू आहे.

ऑइल भरून दोन-तीन मिनिटं इंजिन चालवा, बंद करून थांबा आणि काडी पाहा. वरच्या खुणेच्या वर गेलं असेल तर काढा. ‘जास्त आहे तर बरंच’ असं इथे नसतं. जादा ऑइल क्रँकच्या माराने फेसाळतं, ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरमध्ये जातं, सीलवर दाब येतो.

स्प्लेंडरसारख्या गाड्यांत कागदी ऑइल फिल्टर नसतो. उजव्या झाकणाखाली जाळी आणि फिरणारा गोल फिल्टर असतो. त्यात गाळ चिकटून बसतो. दहा-बारा हजारांवर तो मिस्तरीकडून उघडून साफ करून घ्या आणि झाकणाचं गॅस्केट नवं लावायला सांगा. बऱ्याच गाड्यांचं हे काम आयुष्यात एकदाही होत नाही. बुलेटला मात्र कागदी फिल्टर असतो आणि ऑइलही एका डब्यात भागत नाही.

काढलेलं ऑइल नालीत, विहिरीजवळ, धुऱ्यावर ओतू नका. ते घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात भरून झाकण लावून ठेवा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. चेनलाही ते लावू नका, त्यात धातूचा कीस असतो. चेनला ९० नंबरचं गिअर ऑइल लावावं.

प्रश्न : जुन्या पल्सरमधून निळा धूर येतो. घट्ट ऑइल टाकून थांबेल का? की सिंथेटिक टाकू?
— ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

घट्ट ऑइलानं थोडे दिवस कमी दिसेल. पल्सरला मुळातच ५० नंबर असतो, त्याहून वर जाण्यात अर्थ नाही. धूर केव्हा येतो ते बघा. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी सुरू करताना भपकारा येऊन थांबतो, तर व्हॉल्व्हचे सील कडक झाले आहेत. ते स्वस्तात बदलतात. ॲक्सिलेटर देताना, चढावर सतत येतो, तर पिस्टनच्या रिंग किंवा सिलिंडरचा बोअर झिजला आहे. खात्रीसाठी प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून किक मारा. दाब एकदम वाढल्यासारखा लागला, तर रिंग गेलेल्या आहेत.

सिंथेटिक ऑइल उष्णतेत जास्त टिकतं, यात शंका नाही. पण झिजलेली रिंग ते भरून काढत नाही, आणि जे ऑइल जळूनच जाणार आहे त्याला दुप्पट पैसे कशाला? ते पैसे बोअरच्या कामाला ठेवा. तोवर दर रविवारी पातळी बघून भरत राहा. साधं आणि सिंथेटिक एकमेकांत मिसळलं तर इंजिन बिघडत नाही, फक्त सिंथेटिकचा फायदा उरत नाही.

प्रश्न : एक्सएल १०० मध्ये पेट्रोलसोबत टू-टी ऑइल टाकायचं का? पेट्रोल पंपावर टाकून देतात.
— धारणी, जि. अमरावती

नाही. जुनी एक्सएल सुपर टू-स्ट्रोक होती, तिला ते लागायचं. एक्सएल १०० फोर-स्ट्रोक आहे, तिचं ऑइल इंजिनात वेगळं असतं. पेट्रोलमध्ये टू-टी टाकल्यानं धूर होतो आणि प्लग काळा पडून गाडी बंद पडते. चुकून टाकलंच असेल तर घाबरू नका, टाकी साध्या पेट्रोलनं भरून चालवा आणि प्लग साफ करा.

प्रश्न : बाजारात ड्रममधलं सुटं ऑइल निम्म्या भावात मिळतं. घ्यावं का?
— वणी, जि. यवतमाळ

घेऊ नका. सुट्या ऑइलवर नंबर नाही, जासो नाही, तारीख नाही. गाळून, रंग साफ करून विकलेलं जुनं ऑइलही असंच दिसतं आणि डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. डबा घेताना झाकणाची कडी शाबूत आहे का, बॅच नंबर आणि भरल्याची तारीख नीट छापली आहे का, तेच अक्षर पुसट किंवा तिरकं तर नाही ना, हे पाहा. झाकणाखालचं सील स्वतः फोडा, मिस्तरीनं आधी फोडून ठेवलेलं घेऊ नका. आणि डबा रिकामा झाला की त्याला खिळ्यानं भोक पाडा. नकली भरणाऱ्यांना असेच चांगले रिकामे डबे हवे असतात.